ट्रॉलीवरच्या दोन बाटल्या

ती घटना आजही आठवते, असे म्हणायची आम्हा निवृत्तांना सवयच असते. खरे तर निम्म्या घटना केस डायरी उघडल्याशिवाय आठवत नाहीत. ही मात्र कागदाशिवाय आठवते.

भूकंपाला दहा-बारा वर्षे होऊन गेली होती. लातूरला डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या क्लासेसची भरभराट होती आणि त्यांच्या पाठोपाठ पोलीस व लष्कर भरतीच्या अकादम्या लातूर-नांदेडच्या मोकळ्या मैदानांवर उगवल्या होत्या. मी तेव्हा नांदेड शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ठाणे अंमलदार सांगत आला, की एका खाजगी प्रसूतिगृहात बाई दगावली आहे, नातेवाईक जमले आहेत आणि काचा फुटत आहेत.

बाई भोकरकडच्या एका शेतकरी कुटुंबातली. सिझेरियन झाले, मूल सुखरूप निघाले आणि आई टेबलावरच गेली. जमावाला भूल देणारा डॉक्टर हवा होता. "त्याला आमच्या ताब्यात द्या," एवढीच मागणी. सिव्हिल सर्जनचा अभिप्राय आल्याशिवाय डॉक्टरला अटक करता येत नाही हे मला माहीत होते. जमावाला ते समजावणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन पिंजरा-गाड्या भरून शिपाई मागवले, दार लावून घेतले आणि पंचनाम्याला बसलो.

बाईचा नवरा तेवढा ओरडत नव्हता. व्हरांड्यात उकिडवा बसलेला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "सायेब, मला कुणाला मारायचं न्हाई. एवढंच सांगा, तिला मरण आलं का कुणी मारलं?"

अशा प्रश्नाला पोलिसाने लगेच उत्तर द्यायचे नसते. मी "तपासात निष्पन्न होईल" असे आमचे ठेवणीतले वाक्य फेकले. त्याची लाज आजही वाटते.

भूल देणारे डॉक्टर पन्नाशीचे होते. जुन्या गावातल्या जिल्दसाजाचा, म्हणजे पुस्तके बांधणाऱ्याचा मुलगा. स्कूटरवर पेटी लावून पाच-सहा दवाखाने करायचे. भूकंपात तंबूमध्ये कंदिलावर शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा रुग्णांना भूल देणाऱ्यांत तेही होते. त्यांनी मला सरळ शब्दांत समजावले. पाठीच्या मणक्यात भूल दिली की अनेकदा रक्तदाब एकदम उतरतो. त्यावर मेफेन्टरमाइन नावाचे इंजेक्शन असते. ते शिरेत गेले की काही मिनिटांत दाब चढतो. रोजची गोष्ट.

"मी दिलं साहेब. दोनदा दिलं. चढलंच नाही. बाकीची औषधं दिली तोवर देर झाली होती," ते म्हणाले. आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत, "की माझ्या हातून दुसरंच काही गेलं?"

ट्रॉलीचा पंचनामा करताना मला एक गोष्ट खटकली. त्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या. एकीतून अनेकदा औषध घेता येईल अशी ती बाटली असते. पहिलीत निम्मे औषध शिल्लक होते, तरी दुसरी फोडलेली. चहाचा निम्मा कप समोर असताना कोणी दुसरा मागवत नाही. मी सिस्टरला विचारले.

"डॉक्टरच म्हणाले, कपाटातली नवी द्या. किल्ली शोधण्यात वेळ गेला," ती म्हणाली.

डॉक्टरांना कारण विचारले तर म्हणाले, "गडबडीत मागितली असेल." उत्तर पटले नाही, पण दोन्ही बाटल्या सीलबंद करून मुद्देमालात घेतल्या आणि प्रयोगशाळेकडे पाठवल्या. प्रयोगशाळेचा अहवाल सरकारी गतीने येतो. दरम्यान डॉक्टरांना एकही दवाखाना बोलवेना. बोलावले असते तरी ते गेले नसते. स्कूटर दारात धूळ खात होती आणि जबाबाला आले की ते रिक्षाने यायचे.

मी औषधाचे घाऊक विक्रेते पालथे घातले. बनावट माल असेल असा माझा कयास. दोन आठवडे गेले, हाती काही नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तशी गत. शेवटी माझ्याच ठाण्याचा एक हवालदार टेबलासमोर येऊन उभा राहिला. लोह्याकडचा, अबोल माणूस. फावल्या वेळात भरतीच्या मुलांना मैदानावर धावण्याचा सराव द्यायचा.

"सायेब, पोरं पळायच्या आधी सुई टोचून घेऊन राहिलेत. बीपीची सुई म्हणतेत तिला. दम वाढतो म्हणतेत."

"कुठून आणतात?"

"दवाखान्यातली हाय. एका पोराची माय तिथंच कामाला हाय, त्याच दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला साध्या कपड्यांत मैदानावर गेलो. त्या मुलाच्या पिशवीत बामच्या रिकाम्या बाटलीत ते औषध आणि एक सिरिंज सापडली. मुलगा एकवीस वर्षांचा. आधी लातूरला क्लास लावला, बारावीला गुण कमी पडले, मग भरती. धावण्यात दोनदा नापास झालेला. हे औषध दम वाढवत नाही. दम संपला आहे हे काही वेळ विसरायला लावते आणि त्या वेळात काळीज फुटेस्तोवर पळवते. मुलाला त्यातले काही ठाऊक नव्हते. "आईनं दिलंय," म्हणाला.

त्याची आई त्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची खोली आवरायची. अकरा वर्षांची नोकरी, सगळे तिला मावशी म्हणत. महिला शिपाई बसवून मी विचारपूस सुरू केली. सराईत माणूस आधी नाकारतो, मग अर्धे कबूल करतो. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

"लई न्हाई घेतलं सायेब. दर येळेला थोडं थोडं. थंड पडलेली बाई ह्या सुईनं डोळे उघडताना म्या कितीदा पाहिलं. म्हणलं, मरणाऱ्याला उठवतं तर माझ्या पोराला पळवणार न्हाई?"

"आणि बाटली?"

"कमी दिसू ने म्हणून सलाईनचं पाणी घातलं. दुधात पाणी घालतेतच की. चहा होतो का न्हाई?"

ती खोटे बोलत नव्हती. तिच्या हिशेबी पाणी घातलेले दूध हे दूधच होते. जरा पातळ, इतकेच. थोडे थोडे करून किती वेळा, हे तिने मोजले नव्हते. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी त्या बाईला नुसतं पाणीच गेलं असणार." "ती भोकरची?" तिने विचारले, आणि मग तोंडात पदर कोंबून रडत राहिली, महिला शिपाई तिला धरून बाहेर नेईपर्यंत. चोवीस वर्षांच्या नोकरीत कबुलीजबाब मिळून मला इतके वाईट कधी वाटले नव्हते.

तिच्यावर आणि मुलावर गुन्हा दाखल झाला. पुढे अहवाल आला. पहिल्या बाटलीत जवळजवळ सगळे मिठाचे पाणी, दुसरीत शुद्ध औषध. डॉक्टर सुटल्यात जमा होते. मी त्यांना मुद्दाम बोलावून चहा मागवला आणि अहवाल पुढे ठेवला. तो वाचून झाला, तरी त्यांनी चहाला हात लावला नाही.

"माझा जबाब पुन्हा घ्या साहेब," ते म्हणाले. "पंधरा दिवसांपासून ते औषध मंद चाललं होतं. जिथं एकदा द्यायचं तिथं दोनदा द्यावं लागत होतं. मी देत गेलो. दाब चढत होता, काम भागत होतं. बाटलीबद्दल कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी नवी मागितली ती त्यामुळंच."

मी पेन खाली ठेवले. "डॉक्टर, आता याची गरज नाही. उगाच तुमच्यावर येईल."

"गरज तुम्हाला नसेल. त्या बाईच्या घरवाल्यानं व्हरांड्यात तुम्हाला विचारलं, ते मी ऐकलंय. मग पूरा लिहा."

मी पूर्ण लिहिला. त्यांनी वाचून सही केली. सिव्हिल सर्जनच्या समितीने त्यांना ताकीद दिली, आरोपी केले नाही. त्यांनी पुन्हा काम सुरू केले ते बऱ्याच महिन्यांनी.

त्या नवऱ्याला मी गावी जाऊन सगळे सांगितले: मावशीचे, मुलाचे, डॉक्टरांचे. कडेवर मूल घेऊन त्याने उभ्यानेच ऐकले. "म्हंजी सगळ्यांनी थोडं थोडं," एवढेच म्हणाला.

मी होय म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. हवालदाराने मैदानावरच्या सुयांबद्दल मला ती बाई मरण्याच्या दोन महिने आधीच सांगितले होते. "पोलीसच व्हायला निघालीत पोरं, कशाला त्यांच्या नावाला डाग लावता," असे म्हणून मीच त्याला गप्प बसवले होते. तपासाच्या एकाही कागदावर हे नाही. माझा जबाब कोणी घेतला नाही, आणि डॉक्टरांसारखा तो आपणहून देण्याचे धाडस मला नोकरीत असेपर्यंत झाले नाही.