आक्कांच्या टोपल्यातली अकरा अंडी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वावरात गवार तोडत होते. बार्शीच्या दवाखान्यातून त्यांच्या सुनेनं, राणीनं, फोन केला होता. "आत्या गेल्या," एवढंच म्हणाली. मी फोन कमरेला खोचला आणि सरी संपेपर्यंत गवार तोडत राहिले... रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आता कुणालाच कळणार नाही. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज जात नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. वाटण्या झाल्या तरी बांधाला बांध होता. त्यांच्या हाताला यश आहे, असं सगळं गाव म्हणायचं. भोपळ्याचं, दोडक्याचं पहिलं बी आळ्यात टाकायला बायका त्यांनाच बोलवायच्या. अंडी उबवायला आलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडीही त्यांनीच मांडायची. टोपल्यात भुसा, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कडेला एक खिळा आणि कोळसा, अंडी अकरा नाहीतर तेरा. एकविसाव्या दिवशी टोपलं चिवचिवायचंच. मला कधी कुणी बोलावलं नाही. ते मनात सलायचं, हे आज लिहिताना कबूल करते.

दोन वर्षांमागं मुंगसानं त्यांचा कोंबडा नेला. कोंबड्याशिवायच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, म्हणून त्या माझ्याकडं आल्या. "सुमन, काबरी कोंबडी खुडूक झालीया. अकरा अंडी दे. दोन पिल्लं तुझी. पर कोंबडा निघाला तर माझा, तुझ्या थोरल्या दिरावानी पहाटंच आरडणारा!" आणि स्वतःच हसल्या. माझी अंडी मी आदल्या दिवशीच भूमच्या बाजारात विकली होती. तसं सांगायचं होतं. पण "उद्या देते" म्हणाले. घरात खायला आणलेली पोल्ट्रीची पांढरी अंडी होती. बाजारात काहीजण करतात तशी मी बारकी बारकी निवडून चहाच्या पाण्यात ठेवली. गावरान दिसायला लागली. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, त्यातून काही निघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकदा तरी आक्कांचं टोपलं गप्प राहू दे, असंही वाटलं... आक्कांनी एकही अंडं निरखलं नाही. जावेनं दिलंय म्हणून ओच्यात घेतली आणि गेल्या.

एकवीस दिवस गेले, पंचवीस गेले. काबरी वाळून काटकी झाली, तरी अंड्यांवरून उठेना. शेवटी आक्कांनी अंडी न फोडताच उकिरड्यात पुरली. फोडली असती तर आत जीव धरलाच नव्हता, हे त्यांना कळलं असतं. मला म्हणाल्या, "तुझ्या अंड्यांला कशाला बोल लावू? माझा हातच गेला, बाई." मी खाली बघत राहिले. हळूहळू बायका त्यांना बी टाकायला बोलवेनाशा झाल्या. आमच्या वावराकडं आल्या तरी आक्का बांधावरच थांबायच्या. मी म्हणायचे, "या की आक्का, चार बिया टाका." तर म्हणायच्या, "नगं. तुझा वेल जळंल." तेव्हाही मी गप्पच.

मागच्या आठवड्यात राणी आली. "धाकल्या आत्या, कोंबडी खुडूक हाय. तुमी येऊन अंडी बसवा. आमच्या घरातला हात गेलाय, आत्या सांगायच्या."

मी दारातच सगळं सांगून टाकलं, चहाच्या पाण्यासकट.

राणी म्हणाली, "आत्यांला ठावं व्हतं?"

"न्हाय."

"चला."

तिनं मला त्यांच्या घरी नेलं, चुलीमागच्या कोपऱ्यात. कोंबडी बसवायची जागा. दोन वर्षं तिथं टोपलं नव्हतं, पण जमीन शेणानं सारवलेली होती. सारवण आता भेगाळलं होतं. "आत्या सारवायच्या," राणी म्हणाली. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिशीबी. मी म्हणलं, कशापायी? तर म्हणल्या, हात कवा माघारी आला तर जागा नगं का?"

मला तिथं पाय ठेववेना.

"बायकांना कोण सांगणार आता?" राणीनं विचारलं.

"मी सांगते," म्हणाले.

आज आठ दिवस झाले. राणीनंतर अजून फक्त या वहीलाच सांगितलं आहे. राणीनं त्या कोपऱ्यात नवं सारवण घातलेलं नाही. आक्कांची बोटं शेणात फिरलेली तिथं तशीच दिसतात.