टिकल्या लावलेला ॲम्प्लिफायर

नव्या टीव्हीसाठी कपाट रिकामं करताना जुना ॲम्प्लिफायर हाती आला आणि त्यावरचा कुंकवाचा फिकट डाग बघून भरे गावातली आमची भाड्याची खोली आठवली. घरमालक काका-काकू लेकीच्या लग्नाची सीडी बघायला नटूनथटून येऊन बसले होते. कॉम्प्युटरवरचं लग्न टीव्हीवर दिसत होतं, पण ॲम्प्लिफायर मुका, आणि सारख्याच दिसणाऱ्या काळ्या वायरींच्या गुंत्यात मी घामाघूम. बायकोने मला बाजूला सारलं, टिकल्यांचं पाकीट आणलं आणि शांतपणे एकेक वायर तपासत तिच्या टोकाला आणि जोडायच्या जागेला एकाच रंगाची टिकली लावत गेली. "अगं बया, वायरींना टिकल्या लावतीस व्हय!" काकू हसल्या. शेवटी एक लाल टिकली कमी पडली, तशी हिने सरळ कपाळावरचीच काढून चिकटवली. काकूंचं हसू थांबलं. "न्हाई गं, कपाळ रिकामं न्हाई ठिवायचं," म्हणत त्या घरातून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. आधी हिला बोट लावलं, मग ॲम्प्लिफायरला. बटण दाबताच चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून सनई घुमली आणि काका दचकून मागे वळले, "वाजंत्री हितंच बसल्यात जनू!" आज नव्या टीव्हीच्या वायरी जमिनीवर पसरून मी माहितीपुस्तक वाचत बसलोय, आणि हिचा हात कपाळावरच्या टिकलीकडे गेलाय.