टूवाल्या सरांची पट्टी

टूवाले सर आणि त्यांची बायको यांनी एक अख्खा हिवाळा एकमेकांशी अबोला धरला होता, आणि तोही एका इंग्रजी शब्दाच्या जागेवरून, अशी कुजबूज एकेकाळी सगळ्या गल्लीत होती. खालच्या दुकानातली शिंपीण शपथेवर सांगे की तो शब्द 'क्विकली' होता. कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणे, "छे, 'रिअली' होता. मी स्वतः क्लासला जातो, मला विचारा." शब्द कोणता यावरून त्या दोघांचंच एवढं वाजलं की वरच्या मजल्यावरचं भांडण त्यापुढे फिकं पडलं.

सरांना नाव होतं. जिन्याशी लावलेल्या पाटीवरही ते रंगवलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. शिंपिणीच्या दुकानावर लाकडी जिना चढून गेलं की पुढच्या खोलीत चार बाकं, एक फळा, आणि मागे पडदा. पडद्याच्या अलीकडे इंग्रजी बोलण्याचा क्लास, पलीकडे स्वयंपाकघर. फोडणी पडली की अख्खा वर्ग शिंकायचा, आणि सर म्हणायचे, "शिंका, पण इंग्रजीत."

क्लासला येणारी माणसं मोठी, कामधंद्याची. टॅक्सीवाला, दवाखान्यातली नर्स, पिठाचे हात धुऊन आलेला बेकरीवाला. त्यांना सर पहिल्याच दिवशी सांगत, "जाणे, करणे, खाणे असं म्हणायचं तर इंग्रजीत क्रियापदाच्या आधी 'टू' लागतो. टू गो, टू डू, टू ईट. आता हे 'टू' आणि क्रियापद म्हणजे नवरा-बायको. त्यांच्या मध्ये कोणी यायचं नाही. 'टू क्विकली गो' नाही. त्या 'क्विकली'ला म्हणावं, बाबा रे, बाहेर ओसरीवर बस."

आणि कोणी मध्ये शब्द घातलाच, की सरांची लाकडी पट्टी टेबलावर फाडकन आपटे.

पट्टी आपटली की पडद्यामागून हमखास आवाज येई, "बसू द्या हो त्या बिचाऱ्याला मध्ये! काय जागा खातोय?"

"अगं, नवरा-बायकोच्या मध्ये..."

"मग तुमची ही पट्टी रोज कशाला येते आपल्या मध्ये?"

वर्ग फिदीफिदी हसे. सर फळ्याकडे तोंड करून हसत, म्हणजे शिस्त बिघडायला नको. हे रोजचं होतं. खरं सांगायचं तर निम्मे लोक इंग्रजीसाठी येत आणि निम्मे ह्या जुगलबंदीसाठी. बेकरीवाला तर कधीकधी मुद्दाम चुके.

पडद्यामागची ती बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गल्ली तिला हॅलोबाई म्हणे. तेव्हा दूरगावी फोन करायचा तर नंबर बाईंकडे मागावा लागे. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी, आणि दिवसभर "नंबर प्लीज". तिचा आवाज असा की माणूस नंबर विसरावा. ती इंग्रजी पुस्तकातून शिकली नव्हती, वायरीतून शिकली होती. त्यामुळे तिला नवऱ्याचा नियम मुळीच पटत नसे.

"अहो, घरी कोणी आजारी असलं की माणूस घाबराघुबरा होऊन सांगतो, 'प्लीज टेल हिम टू इमिजिएटली कम होम.' त्याला काय म्हणू, थांबा, आधी 'इमिजिएटली' ओसरीवर बसवा?"

"घाबरलेल्याला माफ आहे," सर म्हणत.

"मग सगळं जग घाबरलेलं आहे. सगळे असंच बोलतात."

एकदा तर बेकरीवाल्याने खरोखरच घोळ घातला. मोठ्या हॉटेलला रोजचा पाव पुरवायचं काम मिळत होतं. मॅनेजरने अटी वाचून दाखवल्या आणि विचारलं, समजलं का? एक अट ह्याला नीटशी कळली नव्हती, 'आय फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड', म्हणजे पूर्ण कळलं नाही, एवढंच सांगायचं होतं. पण 'कम्प्लीटली' हा शब्द 'टू'च्या पुढे ठेवायचा तर डोळ्यांपुढे पट्टी नाचायला लागली. म्हणून त्याने तो उचलून अलीकडे टाकला, "आय कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड!" म्हणजे समजून घेण्यात मी साफ नापास झालो. मॅनेजरने कागद मिटले.

"एक शब्द ओसरीवर काढलात," पडद्यामागून आवाज आला, "आणि ह्याचा पाव रस्त्यावर आला!"

नियमाचा माणूस हरला की जास्त मोठ्याने शिकवतो. ते पुढचा आठवडाभर मोठ्याने शिकवत राहिले.

आणि त्या हिवाळ्याच्या तोंडाशी हॅलोबाईचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, थंडी. आलं झालं, हळद झाली, गुळण्या झाल्या. मग सर तिला दूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. म्हणाले, आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. पूर्ण गप्प राहायचं. कुजबुजसुद्धा नाही. गाठ बसली तर बसली. नाही बसली तर कापावी लागेल, मग आवाज कसा येईल ते सांगता येत नाही.

परतताना दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. एक्स्चेंजमध्ये हात थकलेली बाई चालते, डोळे अधू झालेलीही चालते, आवाज गेलेली चालत नाही. तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या दोघीतिघी होत्याच. घशाचं नाव जरी निघालं असतं, तरी खुर्ची गेली असती. आणि ती खुर्ची म्हणजे नुसता पगार नव्हता. गावोगावच्या अनोळखी माणसांनी "बाई, जरा लावून द्या ना" म्हणावं, ह्यावर ती जगत होती. तिने बिनपगारी रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती अडचण.

पहिल्याच संध्याकाळी सरांनी सवयीने विचारलं, "चहात साखर किती घालू?"

"नेहमीचीच की!" ती बोलून गेली, आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये नर्सने 'टू स्लोली वॉक' म्हटलं. पट्टी आपटली, आणि पडद्यामागे काहीतरी खरखरलं, अर्ध्यावर थांबलं. सरांनी पट्टी खिळ्याला अडकवली. फळ्यावर लिहिलं, 'आजपासून तुम्ही बोला, मी ऐकतो.'

आणि ते गप्प झाले. वर्गातही, घरातही.

भिंतीला भिंत लागलेल्या ह्या गल्लीत गप्प राहणं म्हणजे दवंडी पिटणंच. शिंपिणीने जिन्याखाली सरांना गाठलं. "सर, वरून काही ऐकू येत नाही हो. वहिनींशी काही बिनसलं का?"

सरांनी खाली मान घातली.

"पुन्हा त्या मधल्या शब्दावरून?"

सरांनी मोठा उसासा टाकला. इतका सुरेख की स्वतःलाच खरा वाटला.

शिंपीण एक्स्चेंजमधल्या बायकांचे ब्लाउज शिवत असे. तिच्या कानात सकाळी पडलेलं संध्याकाळी स्विचबोर्डवर पोचायचं, दूरगावच्या ट्रंक कॉलपेक्षा लवकर. "हॅलोबाईचं नवऱ्याशी वाजलंय, म्हणून रजा," असं तिकडे ठरलं. एक्स्चेंजच्या मोठ्या बाईंनी तर कीव करून रजा वाढवून दिली. "नवरे सगळे सारखेच," म्हणाल्या.

इकडे वर्गात सर ऐकत होते. बेकरीवाला भट्टी पेटत नाही त्याची कथा सांगत होता, 'टू प्रॉपर्ली हीट' म्हणत होता, आणि भट्टी डोळ्यांसमोर तापत होती. नर्स म्हणाली, "वी ट्राय टू नॉट क्राय." सरांनी मनातल्या मनात तो 'नॉट' उचलून अलीकडे ठेवून पाहिला. तिथे तो बरोबर होता, पण नर्स तशी बोलली नव्हती. त्यांनी तो तिच्या जागेवर परत ठेवला. पडदा जरासा हलला. पलीकडे कोणीतरी टाळी वाजवल्यासारखं केलं, हात हाताला न लावता.

थंडी ओसरता ओसरता डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. गाठ बसली होती. आवाज आला, पण पूर्वीचा नाही. खालच्या पट्टीतला, थोडा जाड. हा चालेल का, हे हेडफोन कानाला लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

ती कामावर गेली त्या दुपारी सर बेकरीत शिरले. काउंटरवर फोन होता. त्यांनी घाम पुसला आणि ट्रंक लाइनला फोन लावला.

"नंबर प्लीज," ती म्हणाली.

सरांनी रिसीव्हर कानाशी आणखी दाबून धरला.

"नंबर प्लीज, सर. आय ॲम हिअर."

"आय... आय जस्ट वाँटेड टू रिअली हिअर यू," सर म्हणाले.

बेकरीवाल्याच्या हातातला पावाचा ट्रे तिरका झाला.

"पट्टी कुठंय?" हॅलोबाईने मराठीत विचारलं.

"खिळ्यावर."

"असू दे तिथेच. लाइन मोकळी करा आता, लोक थांबलेत."

ती पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसली. नवे लोक तिला हॅलोबाई न म्हणता जाड आवाजाच्या बाई म्हणत. जुने लोक म्हणत, भांडून भांडून घसा बसला. आता तो बोर्डही नाही, वायरीही नाहीत, नंबर मागायला कोणी लागत नाही. शिंपिणीच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन आलं. पण शिंपीण म्हातारपणीही सांगायची, "क्विकलीवरून, हो! एक अख्खा हिवाळा!"

भांडण झालंच नव्हतं. डॉक्टरांनी बोलायची मनाई तिला केली होती. पण नवरा बोलला की ती उत्तर दिल्याशिवाय राहत नसे, म्हणून तोही गप्प राहिला.