उरलेला कान

आमच्या वाडीत खोबरेल कशालाही चालतं: टाळूला, टाचेला, दाराच्या बिजागरीला आणि कानालाही. वडिलांचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. उरलेला उजवा अधूनमधून वाहायचा. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. पण घरी पळीत लसूण तडतडवून कोमट तेल त्या कानात सोडायचे मीच, वर्षानुवर्षं. घरच्या तेलाने कुणाचं वाईट झालंय, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

मग त्यांना सुपारी सोलता सोलता चक्कर यायला लागली. त्यालाही आम्ही पित्त म्हटलं. तोल जाऊन अंगणात पडले तेव्हा कुठे दिघीहून फेरीबोटीने खाडीपलीकडे आणि पुढे मुंबईला नेलं.

सर्जनने मला एकटीला आत बोलावून स्कॅन दाखवला. कोलेस्टिएटोमा. कानाच्या पडद्यामागे कातडी साठत जाऊन गाठ होते आणि ती हाड खाते. "आतल्या कानात इतकी खोल शिरलेली क्वचितच पाहतो," ते म्हणाले. "मेंदूपर्यंत जायच्या आत काढायला हवी. जीव वाचेल, ऐकणं राहणार नाही."

मी तेलाचं विचारलं. तेलाने गाठ होत नाही म्हणाले, पण वाहता कान इतकी वर्षं कुणाला दाखवला का नाही?

वडील बाहेर बाकावर होते. त्यांच्या कानाशी वाकून मी ओरडले, "ऑपरेशन केलं की बरं होईल."

"म्हणजे नीट ऐकू येईल तर?"

मी मान डोलावली. खरं कळतं तर ते तिथूनच घरी परतले असते. माझ्या भित्रेपणाला मी तेव्हा माया म्हणत होते. त्यांनी खुशीत कागदावर सही ठोकली.

कानामागचं हाड कोरून सर्जनने गाठ पुरती काढली. आठवड्याने पट्टी सोडली. खाटेच्या कडेला बसून मी घरचं सांगू लागले: बागेचं शिंपणं वेळेवर होतंय, शेजारीण रोज चौकशी करते. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पट्टी निघाली ना गो? मग बोल की काहीतरी."

मी नजर वळवली. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. तेही त्यांना ऐकू आलं नाही.