दुर्बिणीतला केस

ताऱ्यांचा फोटो काढायचा म्हणजे एका जागी गप्प बसायची शिक्षा होती आणि ती मी हौसेने करून घेतली होती. कॅमेऱ्याचं शटर चाळीस मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात आकाश सरकतं, म्हणून कॅमेराही त्याच्या मागोमाग सरकवत न्यायचा. मोटर नव्हती. लेथवर मी स्वतः आटे पाडलेला एक लांब स्क्रू होता, तो हाताने फिरवायचा. किती फिरवायचा हे कळावं म्हणून कॅमेऱ्याच्या शेजारी एक छोटी दुर्बीण बांधलेली. तिच्यात बारीक फुली, अंधारातही दिसावी म्हणून नळीत टॉर्चचा मंद उजेड सोडलेला. एक तारा त्या फुलीवर धरायचा आणि चाळीस मिनिटं सोडायचा नाही. तारा फुलीवर राहिला तर फोटोतले सगळे तारे गोल येतात. हलला तर रेघा.

नागपुरात टीव्ही यायच्या आधीचे ते दिवस. मी हिंगण्याला एका कारखान्यात टर्नर होतो. पहिली पाळी असली की दुपारी घरी यायचो. घर विणकरांच्या वस्तीत, खालच्या खोलीत वडिलांचा खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा. मोतीबिंदूने त्यांचा एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे माग दोन वर्षं बंद होता. आई त्या पावसाळ्यात वारली. उरलो आम्ही दोघं, आणि दोघांत मिळून दिवसाला दहा वाक्यं होत नसत. भात झाला, पाणी आलं, दार लाव. मला फार एकटं वाटायचं आणि तिशीच्या माणसाने हे कोणाला सांगावं म्हणून मी गच्चीवर जाऊन बसायचो.

फुली कशाची करायची हा पहिला प्रश्न होता. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात कोळ्याच्या जाळ्याचा धागा लिहिला होता. आमच्याकडे जाळी भरपूर होती, पण धागा बोटाला चिकटला की बोटाचाच व्हायचा. आठवडाभर मी कोळ्यांना शिव्या दिल्या.

केसाचं कसं सुचलं ते सांगतो, पण त्यात माझी बाजू चांगली नाही. आई विंचरून झालं की कंगव्यात आलेले केस बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यात ठेवायची. गुंतवळ बऱ्यापैकी साठली की गल्लीत केस घेणारी बाई यायची, ती त्याच्या बदल्यात सुया, पिना द्यायची. घरोघर तसंच चालायचं. आई गेली तरी गोळा कोनाड्यातच होता. वडील जाता-येता त्यावर हात ठेवायचे. मला ते बघवत नव्हतं. एका दुपारी ती बाई आली, वडील बाहेर गेले होते, मी चिडल्यासारखा उठलो आणि गोळा तिच्या झोळीत टाकला. टाकण्याआधी त्यातले दोन लांब केस मात्र ओढून घेतले, फुलीसाठी. तिने चार सुया दिल्या. संध्याकाळी वडिलांनी कोनाड्यात हात फिरवला, मग पुन्हा फिरवला आणि विचारलं की इथलं कुठे गेलं. मी म्हणालो, उंदरांनी नेलं असेल. त्यांनी हात काढून घेतला. मला वाटलं, सुटलो.

पितळेची एक कडी कातली, तिच्यावर दोन्ही केस आडवे-उभे ताणून लाखेने चिकटवले आणि कडी दुर्बिणीत बसवली. आता फोकस. आधी कोऱ्या आकाशाकडे बघून डोळ्याजवळची काच अशी फिरवायची की फुली काळीभोर, स्पष्ट दिसेल. मग पूर्ण नळी मागेपुढे करून दूरची वस्तू स्पष्ट करायची. शेवटी डोकं जरासं डावी-उजवीकडे हलवून बघायचं. वस्तू फुलीवरून हलल्यासारखी वाटली तर दोन्ही एका पातळीत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. मी हे दिवसाउजेडी शिकलो. गच्चीवरून दिसणाऱ्या रेल्वेच्या रुळांपलीकडच्या विजेच्या खांबावर चिनी मातीचे पांढरे कप होते, त्यांतला वरून दुसरा माझा. त्या हिवाळ्यात माणसांपेक्षा त्या कपाकडे मी जास्त वेळ बघितलं असेल.

आणि तरी फोटो बिघडायचे. मृग नक्षत्रातला तो धुरकट तेजोमेघ मला हवा होता. दिवेलागणीनंतर तासाभरात तो नीट वर यायचा, आमच्याकडे नेमके तेव्हाच दिवे जायचे, म्हणजे सगळं माझ्या सोयीचं. पण धुवून आलेल्या प्रत्येक फोटोत तारे लांबुळके. गांधीबागेतला स्टुडिओवाला म्हणाला, हे तांदूळ काहून सांडवले? मी हसलो नाही. दर वेळी सुरुवातीला फुली झकास दिसायची, अर्ध्या तासाने बघावं तर आडवी रेघ फिकट, जाड, आणि तारा तिच्यापासून बाजूला. मी फोकसलाच दोष देत राहिलो. पुन्हा काच फिरव, पुन्हा नळी ओढ. स्क्रू नवा केला. एकदा रागाने दुर्बिणीला चापटही मारली.

त्या चापटीचा आवाज ऐकून वडील गच्चीवर आले. ते एरवी वर येत नसत. काय झालं विचारलं, मी तुटकपणे सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि ऑपरेशनचा डोळा काचेला लावून बराच वेळ बघितलं. दव पडायला लागलं होतं, नळी ओली लागत होती.

"याले झोल पडला," ते म्हणाले. "कायचा धागा लावला?"

मी म्हणालो, केस.

त्यांनी डोळा काढला नाही. "कोणाचा?"

तिथे खोटं बोलता आलं नाही. आईचा, म्हणालो. मग बाकीचंही सांगितलं, बाईला दिल्याचं, सुयांचं. अंधार होता म्हणून सांगू शकलो. ते खाली उतरता उतरता एवढंच म्हणाले, "उंदीर केस नेत नाही. मले माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तर ते मागाच्या खोलीत वाटीत पाणी घेऊन बसले होते. त्यांनी मला समजावलं. चाळीस वर्षं मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावलेला माणूस, त्यांना यात कोडं नव्हतं. केस दमट हवेत लांबतो, वाळला की आखडतो. मी कोरडा केस ताणून चिकटवला होता, म्हणून दव पडलं की तो सैल पडायचा. आधीच ओला करून ताणला तर वाळल्यावर आवळून बसेल आणि मग कितीही दव पडो, कोरडा ताणला होता त्याच्याइतका ढिला होणार नाही. एवढंच होतं. चार महिने मी ज्याच्याशी भांडत होतो तो फोकस मुळात बरोबर होता.

"काढ ते," ते म्हणाले, "ओलं करून लावून देतो तुले."

मी कडी काढली. ब्लेडने लाख खरवडली. आणि कडीवर जोरात फुंकर मारली. लेथवरचं काम झालं की आम्ही बुरा असाच उडवतो, दिवसात शंभरदा. कडी लखलखीत झाली.

वडिलांनी पाण्यात बोटं बुडवून हात पुढे केला होता. "दे केस."

मी म्हणालो, तुम्ही नवीन धागा लावणार होता ना?

"तोच लावतो म्हटलं न गा."

मग त्यांना कळलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मागाच्या खड्ड्याशी गुडघ्यांवर बसले आणि जमिनीवर तळहात फिरवायला लागले. त्या जमिनीवर वर्षानुवर्षांची सुताची टोकं, रेशमाचे तुकडे, कापसाची लव. एकेक चिमटीत धरायचे, बोटांत फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे. हे सूत. हे रेशीम. हे सूत. मीही शोधायला बसलो, पण मला दर धागा केसच वाटत होता. तास गेला. शेवटी ते उठले, ट्रंकेतून रेशमाची एक जुनी लडी काढली, नखाने त्यातला सगळ्यात बारीक तंतू वेगळा केला, ओला केला आणि कडीवर फुली लावून दिली. इतकी बारीक फुली मी पुढेही कधी बघितली नाही.

"जा," ते म्हणाले. "दिवे जातील आता."

मी गेलो. फुली स्पष्ट, तारा स्पष्ट, डोकं हलवलं तरी तारा जागचा हलेना. शटर उघडलं. थोड्या वेळाने जिन्यातून आवाज यायला लागला, जमिनीवर हात फिरवल्याचा. दिवे गेलेले होते. त्यांनी कंदील लावला नव्हता, त्यांना लागतही नव्हता. मी खाली जाऊ शकलो असतो. शटर बंद केलं असतं तर एक फोटो वाया गेला असता, बाकी काही नाही. मी डोळा काढला नाही. चाळीस मिनिटं मी तो तारा धरून बसलो आणि चाळीस मिनिटं तो आवाज ऐकला.

तारे गोल आले. तेजोमेघही आला. फोटो वडिलांच्या हातात दिला, त्यांनी तो डोळ्याजवळ नेला आणि विचारलं की फुली यात कुठे आहे. फुली फोटोत येत नाही, मी सांगितलं, ती फक्त बघणाऱ्याला दिसते. त्यांनी मान हलवली आणि फोटो परत दिला.

ते होते तोवर त्यांनी मागाच्या खोलीत झाडू नेऊ दिला नाही. ते गेल्यावर घर विकायचं ठरलं, तेव्हा ती खोली मी हातानेच साफ केली, एकेक धागा उचलून, बोटांत फिरवून. सूत कोणतं आणि रेशीम कोणतं, तेही मला ओळखता आलं नाही.