रंगाखालचं नाव

बंदरात जहाजांचे दोर बांधण्याचं काम संपून काकांना सहा वर्षं झाली होती, तरी त्यांचा पाय घरात ठरत नसे. जहाज दिसलं की स्वारी धक्क्यावर हजर. लोक त्यांना दुर्बीण म्हणत, तेही तोंडावर.

त्या सकाळी ओंडके भरलेलं एक जहाज लागलं. नवा रंग, नवं नाव. पण जहाजाचं नाव पोलादावर वेल्डिंगने उठवलेलं असतं. घासून काढलं तरी रंगाखाली वळ राहतात. ते वळ काकांनी दोनदा वाचले. भास असेल म्हणून त्यांनी नोंदणी कचेरी गाठली. नाव कितीदा बदललं तरी जहाजाचा नंबर बदलत नाही. कारकुनाने तो शोधला आणि जांभई देत वाचलं, "तेहतीस वर्षांचं धूड आहे. तीन मालक, तीन नावं." मधलं नाव तेच होतं, रंगाखालचं.

सव्वीस वर्षांपूर्वी याच जहाजाच्या मालखणात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. त्याची तीन वर्षांची पोर काकांनी वाढवली. आज ती माल उतरवणाऱ्या टोळीची मुकादम होती. आणि खणात आधी मुकादमाने उतरायचं, ही इथली जुनी रीत.

काका धापा टाकत डेकवर पोचले तेव्हा तिचा एक पाय शिडीवर होता.

"उतरू नकोस."

"काका, तुम्ही इथे कुठे? हवा तपासलीय मी. मीटर ठीक दाखवतंय."

"कुठे तपासलीस?"

"इथेच, तोंडाशी."

"तोंडाशी ठीकच असते. ओंडके हवेतला प्राणवायू खातात तो तळाशी."

"दोर बांधणाऱ्याला खणातलं काय ठाऊक?" ती हसली. टोळीही हसली.

तुझा बाबा कामावर असताना गेला, एवढंच त्यांनी तिला आजवर सांगितलं होतं. गप्प बसावं तर पोर उतरणार. बोलावं तर तोंड कसं दाखवायचं तिला? त्यांना दोन्हींची भीती वाटत होती.

"त्या दिवशी मी याच जहाजावर, इथेच उभा होतो," ते म्हणाले. "डबा द्यायला आलो होतो. टॉर्च मारली तर तुझा बाप खाली पडलेला. त्याला आणायला दोघं उतरले, तेही पडले. मी शिडीला हात लावला आणि सोडला. घाबरलो मी."

हसणं थांबलं. तिने पाय बाहेर घेतला, मीटर दोरीला बांधलं आणि हळूहळू खाली सोडलं. निम्म्यापर्यंत काही नाही. तळ यायच्या आतच ते कर्कश वाजू लागलं. तिने वाकून त्या काळोखात पाहिलं.

"बाबा हलत होते?" तिने मान न वळवता विचारलं.

काकांना नाही म्हणावंसं वाटलं. "हो. थोडा वेळ हात हलत होता."

तिने शिडीला साखळी लावली, टोळीला धक्क्यावर पाठवलं.

"घरी जा, काका. मी आले की सगळं पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

काका घरी गेले आणि दाराची कडी वाजण्याच्या धास्तीने बसून राहिले.