वाकड्या पायांचं शिंगरू

घोड्यांच्या एका फार्मवर मी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. पहाटे घोडी व्यायली. शिंगराचे पुढचे पाय वाकडे होते. पहिला चीक पोटात गेल्याशिवाय ते जगणार नव्हतं, म्हणून म्हातारे मोतद्दार दादूमामा त्याला कवेत धरून आईच्या सडाशी नेत होते. ते पुन्हा पुन्हा कोसळत होतं.

तेवढ्यात मालक पाहुण्यांना घेऊन आले. नाकाला रुमाल, हातात फोन. पाय दिसताच फोन खिशात गेला.

"घोडीच खराब निघाली, डॉक्टर. शिंगराला इंजेक्शन देऊन संपवून टाका."

"पट्ट्या बांधल्या तर पाय सरळ होतील," मी म्हणालो.

"लंगडं जनावर माझ्या नावावर नको."

अकरा महिने पोटात वागवलेल्या जिवाला घोडी चाटत होती, आणि तिला कधी मूठभर गवतही न घातलेला माणूस तिला खराब म्हणत होता. अशांना घोड्यांची हौस असते म्हणे! हौस असते ती फक्त घोड्याशेजारी उभं राहून मिरवायची.

दादूमामांनी मान वळवली नाही.

"साहेब, जरा हळू बोला. त्यानं सड धरलाय."

मी बॅगेतून पट्ट्या काढल्या.